आयसीजी रंग वापरला म्हणजे आतड्याचा जोड गळणार नाही का?

मोहोळ तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ६३ वर्षांचे, मधुमेह आहे, तंबाखूची जुनी सवय आहे. गुदद्वारापासून ६ सेंटिमीटरवर, गुदाशयात कॅन्सरची गाठ आहे. रेडिएशन आणि केमो पूर्ण झालं, आता ऑपरेशन ठरतंय. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात त्यांना सांगितलं की 'आयसीजी' नावाचा हिरवा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने आतड्याचा रक्तपुरवठा बघतात. त्यावर नात्यातलं कुणीतरी म्हणालं, तो रंग वापरला की जोड गळत नाही आणि पोटावर शौचाची पिशवीही लागत नाही. सोलापुरातले सर्जन मात्र पिशवी करावीच लागेल म्हणतात. तेव्हा वडिलांना पुण्याला न्यावं का, रंगाचा काही धोका आहे का आणि पिशवी टळेल का, असे तीन प्रश्न आहेत.

आधी उत्तर देतो, कारण घरात या क्षणी कोणाला शरीरशास्त्र वाचायची मनःस्थिती नसेल. रंग चांगला आहे. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या जोडासाठी मी तो वापरतो आणि उपलब्ध असेल तर वापरावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा धोका अगदी कमी आहे. पण तुमच्या वडिलांची पिशवी त्याने टळणार नाही आणि टाळूही नये. आणि केवळ या रंगासाठी गाव सोडून जायची गरज नाही. जायचं असेल तर त्याची कारणं वेगळी असतात, ती शेवटाकडे लिहिली आहेत.

आता हे असं का, ते सांगतो. ऑपरेशनमध्ये गाठीसकट गुदाशयाचा भाग आणि त्याच्याभोवतीची चरबी, ­तिच्यातल्या रसग्रंथींसह (लिम्फ नोड), एकसंध काढतात. मग डाव्या बाजूचं मोठं आतडं वरून मोकळं करून ओटीपोटात खाली ओढून आणायचं आणि उरलेल्या गुदाशयाच्या तोंडाला स्टेपलरने जोडायचं. हा जोड पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत कुठेतरी सुटला, तर आतली घाण ओटीपोटात उतरते. यालाच आम्ही लीक म्हणतो. मोठ्या आतड्याच्या (कोलोरेक्टल) सर्जनची झोप उडवणारी गोष्ट हीच. लीक झालेला पेशंट काही वेळा जिवावरच्या संकटातून जातो, पुन्हा टेबलावर घ्यावा लागतो, पुढची केमो लांबते, आणि बरा झाला तरी शौचाचं नियंत्रण पूर्वीसारखं राहीलच असं नाही. जोड जितका गुदद्वाराजवळ, तितकी लीकची शक्यता जास्त. ६ सेंटिमीटरवरच्या गाठीचा जोड चांगलाच खाली येतो, म्हणून तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही चर्चा महत्त्वाची आहे.

लीकची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक सर्जनच्या हातात बऱ्यापैकी असतं: जोडायला घेतलेल्या टोकाला रक्त पोचतंय की नाही. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त देणारी मुख्य धमनी कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये बहुधा मुळाशीच बांधावी लागते, कारण रसग्रंथी तिच्याच कडेने असतात. ती बांधली की खाली आणलेल्या आतड्याला रक्त यायचं ते लांबून, मधल्या भागाच्या धमनीकडून, आतड्याच्या काठाकाठाने धावणाऱ्या एका बारीक धमनीतून. उजनीच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. जवळची चारी बंद केली आणि पाणी वरच्या फाट्यावरून फिरवून आणलं, तर टेलच्या रानाला ते किती दाबाने पोचेल हे मधल्या चारीवर ठरतं. कुणाची ही काठची धमनी जाड असते, कुणाची प्लीहेजवळच्या वळणावर अगदी बारीक असते, तर कुणाची तिथे जवळजवळ तुटलेलीच असते. त्या जागेला ग्रिफिथचा बिंदू म्हणतात. बाहेरून बघून सगळ्यांमध्ये हा फरक ओळखता येत नाही. त्यात मधुमेह आणि तंबाखू यांनी बारीक रक्तवाहिन्या आधीच अरुंद केलेल्या असतात.

रंग येण्याआधी आम्ही काय करत होतो? तेच, जे अजूनही करतो. आतड्याचा रंग गुलाबी आहे का, मेसेंटरीत, म्हणजे आतड्याला रक्तवाहिन्या आणणाऱ्या पडद्यात, नाडी लागते का, कापलेल्या टोकातून लालभडक रक्त येतंय का. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये हाताने नाडी तरी लागते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो स्पर्शही गेला, आणि स्क्रीनवरचा गुलाबीपणा लाइटच्या सेटिंगवर बदलतो. अनुभवी सर्जननेसुद्धा 'हा जोड छान झाला' म्हणावं आणि तोच गळावा, हे होतं. जोड गळेल की नाही याचा सर्जनचा अंदाज भरवशाचा नसतो, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. म्हणून डोळ्याला न दिसणारं काहीतरी दाखवणारं साधन हवं होतं.

आयसीजी, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, काही नवं औषध नाही. १९५०च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत ते फोटोग्राफीच्या कामासाठी तयार झालं. अमेरिकेत १९५९ पासून ते माणसांत वापरायला परवानगी आहे. सुरुवातीला हृदयाचा रक्तप्रवाह आणि यकृताचं काम मोजायला, नंतर डोळ्यांच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बघायला त्याचा उपयोग झाला. म्हणजे पेशंटच्या शरीरात देण्याचा अनुभव साठ वर्षांहून जास्त आहे. नवा आहे तो कॅमेरा. शिरेतून दिल्यावर हा रंग रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि रक्तवाहिन्यांतच राहतो. त्याच्यावर साधारण ८०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकला की तो ८३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश परत फेकतो. तोही आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, आणि कॅमेरा तो स्क्रीनवर हिरवा किंवा निळा करून दाखवतो. हा प्रकाश ऊतींतून पाच ते दहा मिलिमीटरच आरपार जातो. म्हणून आतड्याची भिंत दिसते, पण जाड चरबीखाली दडलेलं दिसत नाही. दर तीन-चार मिनिटांनी रक्तातला रंग निम्मा होत जातो. यकृत तो उचलून पित्तात टाकतं आणि शौचावाटे तो निघून जातो. लघवीवाटे जात नाही, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येईल.

थिएटरमध्ये प्रत्यक्ष काय घडतं ते सांगतो. गाठीचा भाग खालून मोकळा झालेला असतो, वरचं आतडं कुठे कापायचं ते ठरवायचं असतं. मी आधी साध्या उजेडात, नेहमीच्या खुणांवरून जागा ठरवतो आणि तिथे डायथर्मीने, म्हणजे विजेच्या चटक्याने, बारीक खूण करतो. ही खूण रंग देण्याआधीच करायची. नाहीतर मन नंतर सोयीने म्हणतं की मी तिथेच कापणार होतो. भूलतज्ज्ञाकडे २५ मिलिग्रॅमची कुपी तयार असते, १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवलेली. सलाइनमध्ये ती नीट विरघळत नाही. मी सांगतो, ते ३ मिलिलिटर शिरेतून देतात आणि मागून सलाइन ढकलतात. थिएटरचे दिवे बंद करतात, कॅमेरा इन्फ्रारेडवर टाकतात, सिस्टर घड्याळाकडे बघून सेकंद मोजू लागते. स्क्रीन काळा असतो. वीस-तीस सेकंद काहीच दिसत नाही. मग मेसेंटरीतल्या मोठ्या फांद्या आधी चमकतात, त्यांच्यातून काठची धमनी उजळते, तिथून आतड्याच्या भिंतीत उभ्या उभ्या बारीक रेघा शिरतात आणि सगळी भिंत भरून येते. हा उजेड वरून खाली सरकत येतो आणि कुठेतरी थांबतो. तो थांबला ती जागा आणि माझी डायथर्मीची खूण, यांतलं अंतर बघायचं. बहुतेक वेळा उजेड खुणेच्या पुढे गेलेला असतो, मग ठरल्या जागीच कापायचं. काही वेळा तो खुणेच्या दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबतो. तेव्हा वर सरकून, उजळलेल्या भागात कापायचं, आणि आतडं कमी पडत असेल तर प्लीहेजवळचं वळण आणखी मोकळं करून लांबी मिळवायची. या सगळ्याला पाचेक मिनिटं लागतात.

इथे एक सापळा आहे आणि तो मला शिकाऊ सर्जनना वारंवार सांगावा लागतो. वेळ बघितली नाही, तर रंग फसवतो. पहिल्या मिनिटात अंधारात असलेला तुकडा चार-पाच मिनिटांनी बघा, तोही मंद हिरवा दिसतो, कारण शेजारच्या जिवंत भागातून रंग भिंतीतल्या बारीक जाळ्यातून हळूहळू झिरपतो. झिरपलेला रंग म्हणजे पुरेसं रक्त नव्हे. म्हणून 'हिरवं दिसलं' एवढ्यावर भागत नाही. किती सेकंदांनी दिसलं आणि बाजूच्या निरोगी आतड्याच्या तुलनेत किती दिसलं, हे बघावं लागतं. माझ्या दृष्टीने मिनिट उलटून गेल्यावर उजळणारं टोक संशयास्पद. उलट प्रकारही असतो. रंग आत येतो पण बाहेर पडत नाही, टोक उजळून तसंच राहतं. तिथे शिरेतून परतणारं रक्त अडलेलं असतं, मेसेंटरीला पीळ तर पडला नाही ना हे बघायचं. शिवाय त्या क्षणी ब्लडप्रेशर उतरलेलं असेल किंवा ते टिकवायला नॉरॲड्रेनॅलिनचं जास्त डोस चालू असेल, तर चांगलं आतडंही उशिरा उजळतं. कॅमेरा जवळ नेला की तेच आतडं जास्त चमकतं, लांब नेला की फिकं. उजेडाची तीव्रता आकड्यांत मोजणारी सॉफ्टवेअर आली आहेत, पण अमुक आकड्याच्या खाली जोडू नका अशी सर्वांना मान्य असलेली रेघ अजून आखली गेलेली नाही. म्हणजे यंत्र असलं तरी निर्णय माणसाचाच राहतो.

जोडून झाल्यावर दुसरा छोटा डोस देऊन जोड पुन्हा बघता येतो, गुदद्वारातून आतल्या बाजूनेही. रेडिएशन झालेल्या पेशंटमध्ये मी ते आवर्जून करतो, कारण तिथे खालचा, रेडिएशनने भाजलेला गुदाशयही जोडाचा अर्धा भागीदार असतो आणि सगळं लक्ष वरच्या टोकावर राहून जातं.

आता पुरावा. घरच्यांना आकडे कोरडे वाटतील, पण 'जोड गळतच नाही' या बोलण्याला उत्तर त्यांतच आहे. रशियातल्या फ्लॅग नावाच्या चाचणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, ३७७ पेशंटमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली होती. रंग वापरलेल्या गटात लीक ९.१ टक्के, न वापरलेल्या गटात १६.३ टक्के. गुदद्वारापासून ४ ते ८ सेंटिमीटरवरच्या खालच्या जोडांत फरक जास्त दिसला, १४.४ विरुद्ध २५.७ टक्के. वरच्या जोडांत मात्र फरक ठरण्याइतका नव्हता. जपानमध्ये ८५० पेशंटवर झालेल्या, २०२३ मध्ये आलेल्या चाचणीत गुदाशयाच्या कॅन्सरसाठी ७.६ विरुद्ध ११.८ टक्के असा निकाल आला. याच्या उलट अमेरिकेत २५ केंद्रांत झालेली पिलर-३ नावाची चाचणी पुरेसे पेशंट न मिळाल्याने मध्येच थांबली, आणि ३४७ पेशंटमध्ये ९.० विरुद्ध ९.६ टक्के, म्हणजे फरक नाहीच. नेदरलँड्समधल्या नऊशेहून जास्त पेशंटच्या चाचणीत, ज्यात कोलनचे, म्हणजे गुदाशयाच्या वरच्या मोठ्या आतड्याचे, जोडही होते, ७ आणि ९ टक्के असा फरक आला, पण तो योगायोगानेही येऊ शकेल इतकाच होता.

या चाचण्या एकत्र वाचल्या की मला जे दिसतं ते असं. जोड जितका खाली, तितका रंगाचा फायदा जास्त. उजव्या बाजूच्या कोलनच्या जोडात तो असला तर चांगलं, नसला तर फार बिघडत नाही. खालच्या गुदाशयात तो लीक कमी करतो, साधारण तिसऱ्या हिश्श्याने वगैरे, पण शून्यावर आणत नाही. सर्वांत चांगल्या निकालातही रंग वापरलेल्या शंभरांतल्या सात-आठ पेशंटचे जोड गळलेच. कारण रंगाने दिसतो फक्त रक्तपुरवठा, आणि तोही ऑपरेशनच्या त्या क्षणाचा. जोडावर ताण आहे का, स्टेपलरची ओळ कुठे अर्धवट बसली का, पेशंटच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन किती आहे, साखर किती आहे, दुसऱ्या दिवशी रात्री प्रेशर पडून तेच टोक कोरडं पडलं का, यांतलं काहीही त्या हिरव्या चित्रात नसतं. जोडात फट राहिली आहे का हे बघायला वेगळी तपासणी करतात. ओटीपोटात पाणी भरून गुदद्वारातून हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का ते बघतात. रंग दिला म्हणून ही हवेची तपासणी सोडू नये.

इथूनच पिशवीचा विषय येतो. आधी एक गैरसमज काढून टाका. तुमच्या वडिलांना सुचवलेली पिशवी बहुधा तात्पुरती आहे. लहान आतड्याचं एक वेढं पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढतात, म्हणजे शौच खालच्या जोडापर्यंत पोचत नाही आणि जोडाला भरून यायला वेळ मिळतो. जोड भरला याची तपासणी करून, दोन-तीन महिन्यांनी किंवा पुढची केमो असेल तर ती संपल्यावर, छोट्या ऑपरेशनने ती आत टाकतात. कायमची पिशवी हा वेगळा निर्णय, वेगळ्या ऑपरेशनचा. तुमच्या सर्जनना 'तात्पुरती की कायमची' हे स्पष्ट शब्दांत विचारा, कारण गावाकडे दोन्हींना पिशवीच म्हणतात आणि अर्धी भीती तिथूनच येते.

स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गुदाशयाच्या खालच्या जोडांसाठी २३४ पेशंटना पिशवी करणे किंवा न करणे असे दोन गट केले. लक्षणं देणारी लीक पिशवीच्या गटात १०.३ टक्के, बिनपिशवीच्या गटात २८ टक्के. तातडीने पुन्हा ऑपरेशन करावं लागलं ते ८.६ विरुद्ध २५.४ टक्के. हा फरक रंगाने मिळणाऱ्या फरकापेक्षा मोठा आहे. ६ सेंटिमीटरवरची गाठ, रेडिएशन झालेलं, मधुमेह, तंबाखू, पुरुषाचं अरुंद ओटीपोट, इतक्या गोष्टी एकत्र असताना स्क्रीन कितीही सुंदर हिरवा दिसला तरी मी पिशवी करेन. माझ्या सख्ख्या भावाला करायची वेळ आली तरी करेन. सोलापूरच्या सर्जननी तुम्हाला योग्य तेच सांगितलं आहे.

पिशवीचा आपल्या भागातला एक त्रास मात्र आधीच सांगायला हवा. लहान आतड्याच्या पिशवीतून पाणी आणि मीठ बरंच जातं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना, शेतात किंवा पत्र्याच्या घरात राहणारा पेशंट दोन दिवसांत कोरडा पडतो आणि किडनीवर येतं. पिशवीतून दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, लघवी कमी आणि गडद झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली, तर वाट बघू नका. नुसतं पाणी पीत राहिलं तर उलट जास्त जातं, ओआरएस हवं. ताक मीठ घालून चालतं. पहिले काही आठवडे ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी बाजूला ठेवून मऊ भात, नाचणीचं पातळ, केळं, उकडलेला बटाटा यांवर राहायचं, भाकरी नंतर दुधात किंवा वरणात कुस्करून, नीट चावून सुरू करायची.

रंगाच्या धोक्याबद्दल. गंभीर ॲलर्जी अत्यंत क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून रंग भूलतज्ज्ञ समोर असताना, सगळी औषधं हाताशी असताना देतात. या औषधात थोडं आयोडीन असतं. वडिलांना पूर्वी आयोडीनचं किंवा सीटी स्कॅनच्या इंजेक्शनचं रिअॅक्शन आलं असेल, तर ते आधी सांगा. यकृत फार बिघडलेलं असेल तर रंग उशिरा निघतो. रंग दिल्यावर बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मीटरचा आकडा क्षणभर खाली जातो, तो रंगाचा परिणाम असतो, ऑक्सिजन खरोखर कमी झालेला नसतो. अंग हिरवं होत नाही, लघवी हिरवी होत नाही. डोस कमाल मर्यादेच्या कितीतरी खाली असतो. किडनीवर त्याचा भार पडत नाही.

लघवीचा मुद्दा आला म्हणून सांगतो. काही जणांना वाटतं की हाच रंग शिरेतून दिला की मूत्रवाहिनीही चमकेल आणि ती चुकून कापली जाणार नाही. तसं होत नाही, कारण रंग मूत्रपिंडातून जातच नाही. मूत्रवाहिनी बघायची तर युरोलॉजिस्टने खालून दुर्बिणीने नळी टाकून रंग थेट तिच्यात सोडावा लागतो. पुन्हा होणारं ऑपरेशन किंवा मोठी चिकटलेली गाठ असेल तर ते कष्ट घेण्यासारखे आहेत. तसंच, गाठीभोवती दुर्बिणीतून रंग टोचून रसग्रंथींची वाट बघता येते, कोलनच्या ऑपरेशनमध्ये त्याने कुठपर्यंत साफ करायचं याचा अंदाज येतो. पण ग्रंथीत कॅन्सर आहे की नाही हे आयसीजी सांगत नाही. कॅन्सरच्या पेशींनाच चिकटणारे चमकणारे रेणू वेगळे. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २०२१ मध्ये तसा एक रेणू मंजूर झाला. मोठ्या आतड्यासाठीचे अजून संशोधनात आहेत. तेव्हा 'रंगाने सगळा कॅन्सर दिसतो आणि निघतो' असं कोणी सांगितलं, तर ते आजच्या आयसीजीला लागू नाही.

आता पुणे की सोलापूर. रंग आणि रोबोटने होणारं ऑपरेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी त्या वेगळ्या करा. दा विंची रोबोटमध्ये फायरफ्लाय नावाने ही सोय आतच असते, पण साध्या दुर्बिणीच्या अनेक नव्या कॅमेऱ्यांतही ती असते. कुपीचा खर्च किरकोळ, खर्च कॅमेऱ्याचा असतो. तुमच्या सर्जनना सरळ विचारा, तुमच्याकडे इन्फ्रारेड कॅमेरा आहे का, त्याचे वेगळे पैसे आहेत का. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये काय येतं आणि काय येत नाही ते तारीख ठरायच्या आधी विचारून घ्या.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: गुदाशयाच्या खालच्या भागाची अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षभरात किती करता? हा प्रश्न विचारायला संकोचू नका, चांगला सर्जन रागावत नाही. आपल्या ग्रामीण भागात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी आढळतो. बार्शीला १९८७ पासून चालणाऱ्या, देशातल्या पहिल्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीतूनही ते दिसत आलं आहे. त्यामुळे अशी ऑपरेशनं प्रत्येक जनरल सर्जनच्या वाट्याला पुरेशी येत नाहीत आणि ज्याचा हात यात नियमित चालतो, त्याच्याकडे जाणं फायद्याचं ठरतं. तो सोलापुरात असेल तर सोलापूर, पुण्यात असेल तर पुणे. रेडिएशननंतरचा एमआरआय पुन्हा झाला का आणि तो सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून बघितला का, हेही विचारा.

मग रात्रीचा प्रश्न विचारा. चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता वडिलांची नाडी १२० झाली, तर त्यांना कोण येऊन बघणार, आणि त्या वेळी सीटी स्कॅन होईल का? लीक बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात डोकं वर काढते, आणि ती जितकी लवकर पकडली तितका जीव वाचतो. नाडी वाढणं, पोट फुगणं, उगाच बेचैन होणं ही सुरुवातीची चिन्हं असतात, ताप कधी कधी नंतर येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी नावाची रक्ततपासणी करतात. ती दीडशेच्या वर असेल किंवा उतरायची सोडून चढत असेल, तर शोध घ्यावा लागतो. रंग दिलेला होता म्हणून या दिवसांत कोणी निर्धास्त राहत असेल, तर तो रंग पेशंटच्या मुळावर येईल. काही लीक घरी गेल्यावर, आठव्या-दहाव्या दिवशी होतात. मोहोळहून सोलापूर अर्ध्या-पाऊण तासावर आहे, पुणे दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. पुण्याला ऑपरेशन केलंत, तर पहिले दोन आठवडे तिथेच जवळ राहायची सोय करा, आणि सोलापुरातला एक सर्जन आधीच सांगून ठेवा.

ऑपरेशनला अजून काही आठवडे असतील, ते वाया घालवू नका. रेडिएशननंतर थांबायला लावतात तो काळ तयारीचाच असतो. तंबाखू आणि मिश्री आजपासून बंद, चार आठवडे मिळाले तरी जोडाला फायदा होतो. साखर औषधांनी आटोक्यात आणा. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाचं इंजेक्शन आत्ताच घ्या, टेबलावर रक्त चढवण्यापेक्षा ते बरं. रोज दोन अंडी, डाळी, शेंगदाणे, दूध, जे पचेल त्यातून प्रथिनं वाढवा. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास चाला. आतडं साफ करायच्या औषधासोबत तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिक गोळ्या देणार का, हेही सर्जनना विचारा, त्याने संसर्ग कमी होतो. पिशवीची जागा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, वडिलांना धोतर किंवा पँट नेहमी बांधतात तशी बांधायला लावून, बसवून आणि उभं करून पेनने आखून घ्या. आडवं झोपवून आखलेली जागा नंतर कमरेच्या घडीत जाते आणि पिशवी रोज गळते.

आणि तुमच्याबद्दल. वडिलांचं रक्त सुरुवातीला मूळव्याध समजून किती महिने गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण इकडे बहुतेकांच्या बाबतीत तसंच होतं. तुम्हाला आणि तुमच्या भावंडांना हा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. चाळिशी गाठली असेल तर लक्षण नसतानाही एकदा कोलोनोस्कोपी करून घ्या, आणि शौचातून रक्त जात असेल तर वय कितीही असो, या महिन्यातच करा.